फास्टर फेणेला शाळेतच राहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात एका वाचकांचं पत्र आलं आहे. मुलांच्या गाजलेल्या पुस्तकांवर आता चित्रपट काढायचे तर ते ‘आजच्या’ पद्धतीनेच काढावे लागतील, कारण हल्लीच्या पोरांना संथ काही बघवत नाही, दर दोन मिनिटांनी काहीतरी धडाधड घडलं नाही तर ती उठून जातात, असं त्यांचं म्हणणं आहे. पत्र तळमळीनं लिहिलेलं आहे, पण मला ते पटलेलं नाही. का पटलं नाही हे सांगण्याइतकी सिनेमा बघणारी पोरं मी आयुष्यात पाहिली आहेत, म्हणून हे पत्र. मथळ्यातला फास्टर फेणे, म्हणजे भा. रा. भागवतांच्या पुस्तकांतला शाळकरी नायक, पुढे येईलच. लांबलं आहे, जमेल तेवढं छापावं.

मी १९७६ साली, सतराव्या वर्षी, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी थिएटरात पोऱ्या म्हणून लागलो. एसटीनं आलेल्या फिल्मच्या पेट्या स्टँडवरून आणायच्या, चाललेलं रीळ पुन्हा मूळ बाजूनं गुंडाळून ठेवायचं, केबिन झाडायची. पुढे परीक्षा देऊन ऑपरेटरचं लायसन काढलं आणि २०११ साली थिएटर बंद पडेपर्यंत मशीन चालवलं. आता तिथं मंगल कार्यालय आहे.

ऑपरेटरच्या केबिनला दोन प्रकारची भोकं असतात. एकातून उजेड पडद्यावर जातो, दुसऱ्यातून ऑपरेटर बघतो. त्या दुसऱ्या भोकाला डोळा लावून मी पस्तीस वर्षं काढली. आमच्याकडे कार्बनची मशीनं होती. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर जळत असतात, जळतील तशा त्या जवळ सरकवत राहावं लागतं, नाहीतर पडद्यावरचा उजेड पिवळा पडतो. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक टिपका चमकून जातो. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची, दुसरा टिपका दिसला की चेंजओव्हर, म्हणजे चित्र दुसऱ्या मशीनवर घ्यायचं. त्यामुळे ऑपरेटरला गोष्टीत रमून चालत नाही. त्याचा एक डोळा कांडीवर, एक कोपऱ्यावर. मधल्या वेळात मी बघायचो ती माणसं. तीही पाठमोरी, नुसती डोकी. पण डोक्यांवरून सगळं कळतं. माणूस गोष्टीत शिरला की डोकं स्थिर होतं, मान किंचित पुढं येते. कंटाळला की डोकं आधी शेजाऱ्याकडे वळतं, मग दाराकडे. मोठ्यांची डोकी थोडं खोटं बोलतात, तिकिटाचे पैसे वसूल करायला माणसं कंटाळूनही बसून राहतात. पोरांची डोकी कधी खोटं बोलत नाहीत.

वर्षातून चार-सहा वेळा सकाळी शाळेचा खेळ असायचा. पन्नास पैसे तिकीट, पुढे पाऊण रुपया, मग रुपया. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरची पोरं मास्तरांच्या मागून दोन-दोनच्या रांगेत चालत यायची, लांबची टेम्पोत उभी राहून. दोन खुर्च्यांत तीन बसवायची आणि पुढची जमिनीवर. कधी बालचित्र समितीची फिल्म असायची, पण सगळ्यात जास्त वेळा मी लावला तो ‘श्यामची आई’. साने गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्र्यांनी काढलेला, १९५३ चा. वनमालाबाई आई, माधव वझे श्याम. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक ज्या चित्रपटाला मिळालं तो हाच. आमच्याकडे येणारी प्रिंट गावोगाव फिरून इतकी झिजलेली असे की पडद्यावर सतत उभ्या रेघा. एकदा पुढे बसलेल्या एका चिमुरडीनं मास्तरांना विचारलेलं मी केबिनचं दार उघडं होतं म्हणून ऐकलं, ‘सर, तिकडं पाऊस पडतोय का?’ सर म्हणाले, ‘हो, कोकण आहे ते.’

आता ती डोकी काय करायची ते सांगतो. ‘छडी लागे छम छम’ सुरू झालं की सहाशे पोरं पाय आपटायची. केबिनची लाकडी फळी थरथरायची आणि उजेडाच्या झोतात धुळीचा लोट उठायचा. हे सगळ्यांना ठाऊक असेल, गाणंच तसं आहे, वसंत देसाईंची चाल आहे. मला सांगायचं आहे ते निराळं. अंघोळ झालेल्या श्यामचे तळवे ओले आहेत, त्यांना माती लागेल म्हणून तो अडून बसतो आणि आई आपला पदर पसरते, तो प्रसंग आठवा. घडतं काय? एक मुलगा हट्ट करतो, आई पदर पसरते आणि पायाला जपतोस तसं मनालाही जप एवढं सांगते. पाठलाग नाही, धक्का नाही. आणि दरवेळी, न चुकता, तिथं सहाशे डोकी एकदम स्थिर व्हायची. मशीनची खडखड एरवी पोरांच्या गलक्यात मला स्वतःलाही ऐकू येत नसे, ती त्या वेळी ऐकू यायची.

आणि हलायची कुठं? मोठी माणसं आपसांत बोलायला लागली की. घरातलं, कर्जाचं, भाऊबंदकीचं बोलणं लांबलं आणि श्याम पडद्यावर नसला की ज्वारीच्या पिकातून वारा जावा तशी डोकी डोलायला लागायची. मग ‘सर, एकी!’ एकानं विचारलं की वीस उठायची. पुन्हा श्याम दिसला की धावत परत. हेच मी इतर सिनेमांनाही पाहिलं. सुट्टीच्या दिवशी पोरं हिंदी मारधाडीच्या सिनेमाला यायची. पहिले चार ठोसे पडले की शिट्ट्या, आरडाओरडा. मारामारी लांबली की तीच पोरं खाली बघून शेंगा फोडायला लागायची. धडाधड घडणाऱ्या गोष्टीचाही पोरांना कंटाळा येतो, आणि फार लवकर येतो. संथपणाला कंटाळलेली पोरं मला क्वचित दिसली. आपल्या वयाचं कुणी पडद्यावर नाही, जे चाललंय ते आपल्या कामाचं नाही, असं झालं की ती कंटाळतात.

साने गुरुजींना हे पक्कं ठाऊक होतं. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत त्यांनी हे पुस्तक जवळजवळ सगळं लिहून काढलं, तेव्हा समोर सिनेमा नव्हता. पण बेचाळीस रात्रींतली (प्रकरणांना गुरुजींनी ‘रात्र’ म्हटलं आहे) कुठलीही उघडा, प्रसंग मुलाच्या मापाचा आहे. पोहायला जायची भीती. पत्रावळ लावता न येणं. पुस्तकासाठी केलेली चोरी. अळणी भाजी घ्या. रताळ्याच्या पानांच्या भाजीत आई मीठ घालायला विसरते, वडील त्याबद्दल एक शब्द न बोलता जेवतात, म्हणून मुलंही बोलत नाहीत, आणि शेवटी आई जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. एवढंच घडतं. मी हे घरी नातीला वाचून दाखवलं तेव्हा ती पुढचं वाचू देईना, ‘मग आईला काय वाटलं असेल?’ हे तीनदा विचारलं. मुलाच्या लेखी मीठ विसरणं ही केवढी मोठी घटना आहे! अत्र्यांनी बेचाळीसांतून निवड करताना मुलाचं हे माप मोडलं नाही. अत्रे स्वतः पुण्यात कॅम्पातल्या शाळेत हेडमास्तर होते, मुलांसाठी वाचनमाला लिहिलेला माणूस. वर्गात चाळीस पोरं कुठं गप्प होतात हे ज्यानं रोज पाहिलं आहे, त्याला पडद्यासाठी ते वेगळं शिकावं लागत नाही, असं मला वाटतं.

वाचक महाशय म्हणतील, ही तुमच्या काळची पोरं, त्यांच्याकडे मोबाइल नव्हता. तर मग यंदाच्या गणपतीतलं सांगतो.

आमच्या गल्लीतल्या मंडळानं एक दिवस मुलांसाठी ठेवायचं ठरवलं. मी म्हटलं ‘श्यामची आई’ लावू. मंडळातली तरुण मुलं भली आहेत, पण त्यांच्या चेहऱ्यावर काळजी दिसत होती. भाड्यानं प्रोजेक्टर आणला, शाळेच्या भिंतीला पांढरी चादर ताणून बांधली. सिनेमा एका मुलानं इंटरनेटवरून लॅपटॉपवर घेतला होता. लावून बघतो तर वनमालाबाईंचा चेहरा आडवा पसरलेला! आताचा पडदा रुंद, जुना सिनेमा चौकोनी, तो कुणीतरी ताणून रुंद पडद्यात बसवलेला. मी म्हटलं, असा नाही लावायचा. मुलं म्हणाली, ‘काका, चालतंय की, कुणाला कळणार आहे?’ मला कळत होतं. आमच्या थिएटरात जुन्या चौकोनी चित्राची गेटची पट्टी, म्हणजे मशीनमधली चित्राचं माप ठरवणारी पट्टी, वेगळी होती, रुंद चित्राची वेगळी, आणि पट्टी बदलायला विसरलेल्या पोऱ्याला मालक पगार कापून दाखवत. आईचा चेहरा सुजल्यासारखा दाखवून ‘श्यामची आई’ दाखवली असं कसं म्हणायचं? वीस मिनिटं त्या रिमोटशी झटापट केली तेव्हा एकदाची चार बाय तीनची सोय सापडली. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या आणि मधे वनमालाबाई पुन्हा माणसासारख्या दिसू लागल्या.

पुढे सतरंजीवर पन्नास-साठ पोरं, मागे खुर्च्यांवर आया, आज्या, काही बाप. पहिली दहा मिनिटं गलका. ‘रंग का नाहीये?’ ‘रिमोट बिघडलाय का?’ एकानं मोबाइल काढला, त्याचा निळा उजेड मला मागून दिसला. मग हळूहळू तेच झालं जे मी पस्तीस वर्षं पाहिलं होतं. मोबाइलचा उजेड विझला. डोकी स्थिर झाली. पदर पसरला तेव्हा आरतीच्या वेळीसुद्धा नसते तेवढी शांतता शाळेच्या पटांगणात होती. आणि मोठ्यांचं बोलणं लांबलं तेव्हा पोरं उठून वडापावच्या गाड्यापर्यंत जाऊन आली, तेही अगदी पूर्वीसारखंच.

एक गोष्ट थिएटरात मला कधी दिसली नव्हती, कारण शाळेच्या खेळाला आईबाप नसायचे. इथं पोरं मागे वळून विचारत होती. ‘आजी, सोवळं म्हणजे काय?’ ‘मम्मी, ती पैसे का देत नाही?’ आणि मागून उत्तरं येत होती. कर्जापायी त्या घराची जी दशा होते तो भाग सुरू झाला तेव्हा मुलं चुळबुळत होती, पण मागच्या खुर्च्या गप्प झाल्या. आमच्या शेजारी रिक्षा चालवणारा एकजण आहे, तो खेळ संपल्यावर चादर सोडायला आला आणि घडी घालताना एवढंच म्हणाला, ‘काका, पुढच्या वर्षीही लावा.’ कुटुंबानं मिळून बघायचा सिनेमा मी याला म्हणतो. पोराला पोराचं सापडावं, बापाला बापाचं, आणि मधे एकमेकांना विचारायला जागा असावी.

आता फास्टर फेणेबद्दल. खरं तर मनात सगळ्यात जास्त हेच आहे.

भा. रा. भागवतांनी बनेश ऊर्फ फास्टर फेणेला, म्हणजे फाफेला, फुरसुंगीहून आणलं, पुण्याच्या विद्याभवन शाळेत घातलं, त्याला सायकल दिली आणि तोंडानं ‘ट्टॉक्’ करायची सवय दिली. तो चोर पकडतो, हेरांच्या मागे लागतो, पण असतो शाळकरी पोरगा. किडकिडीत, शाळेची घंटा चुकवणारा. त्याला कुणी धरून ठेवलं तर तो खरोखर लहान आहे म्हणून आपल्याला भीती वाटते, आणि तो निसटला की लहान असूनही निसटला म्हणून आनंद होतो. सगळी गंमत त्या वयात आहे. माझ्या मुलानं ही पुस्तकं वाचनालयातून आणून आणून पाठ केली होती. दूरदर्शनवर मालिका आली, सुमीत राघवन फाफे झाला होता, तेव्हा आमच्याकडे टीव्ही नव्हता. मुलाला घेऊन मी मालकांच्या घरी जाऊन दारात बसून ती बघितली आहे.

२०१७ साली आदित्य सरपोतदारांचा ‘फास्टर फेणे’ चित्रपट आला. अमेय वाघ फाफे, गिरीश कुलकर्णी खलनायक, आणि दिलीप प्रभावळकर खुद्द भागवत. चित्रपट चांगला बांधलेला आहे, गिरीश कुलकर्णींचा अप्पा अंगावर येतो, अमेय वाघांची धावपळ बघत राहावी अशी आहे. यात मेहनत नाही असं कुणी म्हणू नये. पण गोष्ट आहे वैद्यकीय प्रवेश परीक्षेतल्या घोटाळ्याची, आणि फाफे आहे ती परीक्षा द्यायला पुण्यात आलेला तरुण.

माझी नात चौथीत आहे. भागवतांची पाच पुस्तकं मी तिला वाचून दाखवली आहेत, सहावं तिनं स्वतः वाचलं. मे महिन्यात हा चित्रपट टीव्हीवर लागला. दहा मिनिटं झाली आणि तिनं विचारलं, ‘आबा, फाफे कधी येणार?’

म्हटलं, ‘हाच की फाफे.’

‘हा तर काका आहे.’

मला पुढे काही सुचलं नाही. मग चित्रपटात भुभू आला, तो रस्त्यावरचा लहान पोरगा. तिची मान पुढं आली. शेवटपर्यंत ती भुभूसाठी बघत बसली. रात्री झोपताना म्हणाली, ‘भुभूच फाफेसारखा होता.’

नऊ वर्षांच्या मुलीनं बरोबर जागी बोट ठेवलं. पुस्तकातलं मूल त्या चित्रपटात होतं, फक्त ते बाजूला उभं होतं. नायकाचं वय वाढवलं की घोटाळा मोठा करता येतो, नायिका आणता येते, नाव असलेला नट घेता येतो, हे मी थिएटरच्या माणसाला कुणी समजावायला नको. रिकाम्या खुर्च्यांसमोर मशीन चालवण्याचं दुःख मला माहीत आहे. निर्मात्याचा पैसा लागलेला असतो. पण बुकिंगच्या खिडकीवरचा माझा अनुभव असा की पोराचं तिकीट कधी एकटं येत नाही. एका पोरामागे आई येते, बाप येतो, आजी येते, शेजारचं पोर येतं. मुलाला नायक केल्यानं खुर्च्या कमी होतील ही भीती मला तरी खरी वाटत नाही. उलट फाफे मोठा झाल्यावर ज्यांच्यासाठी तो लिहिला ती पोरं त्याच्या सिनेमात पाहुणी झाली.

बंगाल्यांनी हे केलेलं नाही. सत्यजित राय यांनी १९६९ साली आपल्या आजोबांच्या गोष्टीवरून गुपी आणि बाघाचा चित्रपट काढला आणि १९७४ साली स्वतःच्याच कादंबरीवरून ‘सोनार केल्ला’. त्यातला गुप्तहेर मोठा आहे, पण सगळा चित्रपट फिरतो तो मुकुल नावाच्या लहान मुलाभोवती, ज्याला सोन्याचा किल्ला आठवतो. मी तो दूरदर्शनवर पाहिला, बंगाली एक अक्षर कळत नव्हतं, तरी त्या पोराच्या तोंडाकडे बघत राहिलो.

सेन्सॉरच्या ‘यू’ शिक्क्याबद्दलही थोडं. लोक समजतात ‘यू’ म्हणजे मुलांचा सिनेमा. त्याचा अर्थ एवढाच की मुलांनी पाहिला तर बिघडत नाही. ‘यूए’मध्ये आता ७, १३, १६ अशी वयं घातली आहेत, ते चांगलंच झालं. पण यातला कुठलाच शिक्का ‘हा मुलांसाठी काढलाय’ असं सांगत नाही, ते काढणाऱ्यानंच ठरवावं लागतं.

आणि काढल्यावर तो मुलांपर्यंत पोचावा लागतो. २०२३ साली १० नोव्हेंबरला सुजय डहाके यांचा नवा ‘श्यामची आई’ आला. आजच्या दिवसांत कृष्णधवल चित्रपट काढायला छाती लागते, तेव्हा मी पहिल्या आठवड्यातच जायचं ठरवलं. आमच्या जवळच्या शहरातल्या मल्टिप्लेक्सात त्याचा एकच खेळ होता, रात्री पावणेदहाचा. ऐन दिवाळीची सुट्टी, गावातली सगळी पोरं मोकळी, आणि ‘श्यामची आई’ पावणेदहाला! नात तेव्हा सात वर्षांची. वीस किलोमीटर गाडी करून गेलो. ओम भुतकरांचे गुरुजी मला फार आवडले, स्वातंत्र्यलढ्याचा भागही. नातीनं लहान श्याम असेल तेवढा वेळ डोळे ताणून धरले होते, मग मध्यंतरानंतर माझ्या मांडीवर झोपली. घरी पोचायला पाऊण वाजला. पुढच्या शुक्रवारी तिथून तो उतरला होता. या चित्रपटाला पुढे सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा आनंद झाला, पण माझ्या नातीशिवाय तो पाहिलेलं एकही मूल मला आमच्या गल्लीत दाखवता येणार नाही.

पूर्वी चांगल्या चित्रपटाचा करमणूक कर माफ व्हायचा, तिकीट स्वस्त व्हायचं, शिक्षणखात्याचं पत्र शाळांना जायचं आणि मास्तर पैसे गोळा करायचे. १ जुलै २०१७ पासून करमणूक कर जाऊन जीएसटी आला. १९५५ साली मुलांच्या चित्रपटांसाठी स्थापन झालेली बालचित्र समिती २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. कारभार एका छताखाली आला याला माझी हरकत नाही. माझं मागणं अगदी साधं आहे. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही आता त्याच छताखाली आहे. तिथून ‘श्यामची आई’सारख्या चित्रपटांची स्वच्छ प्रत, मूळ चौकोनी मापात, न ताणलेली, तालुक्याच्या शाळेला मागितल्यावर मिळावी. आज शाळेत प्रोजेक्टर आहे, भिंत आहे, पोरं आहेत. नाही ती प्रत, म्हणून इंटरनेटवरची आडवी पसरलेली आई पोरांना बघावी लागते. आणि मल्टिप्लेक्सवाल्यांनी रविवारी सकाळी दहाचा एक खेळ, आठवड्यातून एकच, मुलांच्या चित्रपटाला द्यावा. सकाळी दहाला त्यांच्या खुर्च्या तशाही रिकाम्याच असतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

काढणाऱ्यांनाही हात जोडून सांगणं आहे. भागवत आहेत, ‘गोट्या’ लिहिणारे ना. धों. ताम्हनकर आहेत, कपाटं भरली आहेत. हवं तर मोबाइल घाला, सायकलीला गिअर घाला, फुरसुंगी आता पुण्याला येऊन भिडली आहे तेही दाखवा. पोराचं वय तेवढं वाढवू नका.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गल्लीत पुन्हा चादर बांधायची ठरली आहे. या वेळी काय लावू म्हणून मी पोरांना विचारलं. नातीनं सगळ्यांच्या आधी सांगितलं, ‘लहान फाफेचा सिनेमा.’ तसा सिनेमा अजून निघालेला नाही. तेव्हा त्या संध्याकाळी चादरीसमोर खुर्ची टाकून मी पुस्तकच वाचून दाखवणार आहे. ‘ट्टॉक्’ करायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं आहे, आठ दिवस झाले सराव चालू आहे.

आपला,
एक निवृत्त सिनेमा ऑपरेटर
जि. सातारा